मसाला नंतर, आधी वांगं बघा

परवा आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर एकीनं विचारलं, भरली वांगी करायचीयेत, कुठला मसाला चांगला? झालं. धडाधड मेसेज सुरू. कुणी म्हणे गोडा मसाला, कुणी म्हणे कांदा-लसूण मसाल्याशिवाय मजा नाही, कुणी पाकिटाचा फोटो टाकला, कुणी आईकडचा काळा मसाला डबीतून आणून द्यायला निघाली, एक जण तर सरळ रील चिकटवून मोकळी. आणि एवढ्या धबडग्यात "वांगी कुठली आणलीयेस" हे एकीनंही विचारलं नाही. मी तिथं काही लिहिलं नाही कारण वांग्यावर मला चार ओळींत आटपता येत नाही, म्हणून इथं लिहितेय, चहा घेऊन बसा.

माझं माहेर जळगावकडचं, सासर मिरजेचं, आणि मधली काही वर्षं नवऱ्याच्या नोकरीपायी हैदराबादेत गेली. म्हणजे वांग्याच्या बाबतीत मी तीन घरचं खाल्लेली बाई आहे. तिन्हीकडचे मसाले एकमेकांचं तोंड बघणार नाहीत इतके वेगळे, पण तिन्हीकडच्या चांगल्या हाताच्या बायका दोन गोष्टींवर अडून बसतात, एक म्हणजे वांगं कुठलं, आणि दुसरी म्हणजे आंबट पडायच्या आधी ते किती शिजलंय. बाकी मसाला-बिसाला नंतरचं. मसाला थोडा कमीजास्त झाला तर भाजी खाता येते हो, पण वांगं आतून दडस राहिलं किंवा बियांनी भरलेलं निघालं की कितीही भारी मसाला घाला, ताटात तसंच पडून राहतं.

तर आधी मंडई. वांगं म्हणजे जांभळं, असं ज्यांचं शिक्षण सुपरमार्केटात झालंय त्यांचं होतं. खरं तर आपल्याकडे हिरवी, पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची, काटेरी, लांब, गोल, अंड्याएवढी, नारळाएवढी इतकी वांगी आहेत की एकाच नावानं सगळ्यांना हाक मारणं म्हणजे अन्याय आहे. भरायला लहान लागतात, देठाला काटे असलेली, हातात धरली की टणक. सांगली-साताऱ्याकडे कृष्णाकाठच्या वांग्यांचं केवढं कौतुक, आणि ते फुकटचं नाही, साल पातळ, बी कोवळं आणि शिजली की लोण्यासारखी होतात तरी आकार सोडत नाहीत. भरताला ह्याच्या अगदी उलट, मोठं, फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, आणि हातात घेतल्यावर दिसतं त्यापेक्षा हलकं लागलं पाहिजे. आकाराच्या मानानं जड लागलं तर समजायचं आत बिया ठासून भरल्यात. चकाकी गेलेलं, साल पिवळट-तपकिरी पडलेलं वांगं म्हणजे जून झालेलं, ते कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. देठ हिरवागार हवा, आणि अंगठ्यानं दाबलं तर खड्डा पडून राहायला नको, परत वर यायला पाहिजे. भाजीवाला ओरडतो दाबू नका म्हणून, तर हळूच दाबायचं.

अळीचं एक सांगते. आपण सगळे भोक शोधत बसतो आणि भोक नाही म्हणून खुश होऊन घरी येतो. पण ही जी शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आहे ती आत शिरते तेव्हा सुईच्या टोकाएवढी असते, तिची जागा नंतर दिसतही नाही, आणि आपल्याला जे मोठं भोक दिसतं ते बहुतेक वेळा ती बाहेर पडतानाचं. म्हणजे भोक असलेलं वांगं रिकामं असू शकतं आणि गुळगुळीत वांग्यात बाईसाहेब मुक्कामाला असू शकतात! म्हणून भरायच्या आधी चिरून प्रत्येक वांग्याच्या आत डोकावायचंच, ह्याला शॉर्टकट नाही. ह्याच अळीपायी जालन्याच्या महिको ह्या बियाण्याच्या कंपनीनं बीटी वांगं, म्हणजे अळी लागू नये म्हणून जनुकं बदललेलं वांगं, आणलं होतं, ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीनं मान्यता दिली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली, आठवत असेल किती गदारोळ झाला होता. शेजारी बांगलादेशानं मात्र २०१३ मध्ये परवानगी देऊन टाकली. त्या वादात मी पडत नाही, माझा संबंध विळीशी.

विळीवरून आठवलं, चिरलेलं वांगं काळं पडतं ते हवा लागून, आणि लोखंडी विळी-सुरी असेल तर आणखीच काळं. खराब होत नाही, फक्त दिसायला वाईट. मिठाच्या पाण्यात टाकायचं, आणि ते पाण्यावर तरंगतं म्हणून वरून एक ताटली दाबून ठेवायची. पण तासभर नाही हं, मसाला तयार होईस्तोवर बास.

आता भरीत. इथं मी जरा माहेरची होते, समजून घ्या.

जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे ह्या भागाचंच म्हणून सरकारी भौगोलिक मानांकन, मिळालं. आमच्याकडे त्याआधीपासूनच लोक बामणोदचं वांगं, आसोद्याचं वांगं असं गाव सांगून विकत घेतात, सर्टिफिकेट नंतर आलं. थंडी पडली की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात, आणि पार्टी म्हणजे हॉलमध्ये केटरर लावून नाही, तर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यात वांगी टाकायची. त्या जाळाचं वैशिष्ट्य असं की तो भसकन पेटतो, वांग्याला चहूकडून वेढतो आणि लवकर विझतो. साल पूर्ण काळी, आतला गर मऊ आणि तरी पांढरट-हिरवा, आणि धुराचा जो वास बसतो तो गॅसवर निम्मासुद्धा येत नाही. मग गरम गरम सोलायची, हाताला चटके बसतात, बसू द्यायचे. आणि मग बडगी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, बडगी म्हणजे लाकडाची कोरलेली लांबट परात म्हणा, त्यात लाकडी मुसळानं वांगं ठेचायचं. आई म्हणायची, "भरीत कुटायचं असतं गं, वाटायचं नसतं." मिक्सरमध्ये फिरवलं की बिया फुटतात आणि चिकट गिळगिळीत पेस्ट होते, ती टोस्टला लावा, भरीत म्हणू नका.

फोडणीत तेल हात आखडून घालायचं नाही. तेलात आधी शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप तळायचे, ते बाजूला काढायचे किंवा त्यातच ठेवायचे, मग हिरवी मिरची आणि लसूण जाडसर ठेचलेला, तो ठसका लागेपर्यंत परतायचा, मग कांद्याची पात, तीही भरपूर, आणि मग ठेचलेलं वांगं, मीठ, कोथिंबीर. संपलं. हळद नाही. लाल तिखट नाही. टोमॅटो तर अजिबात नाही. टोमॅटो घातलेलं ते पंजाबी पद्धतीचं भरता, ते पण मला आवडतं, फुलक्यांबरोबर छान लागतं, पण ती वेगळी भाजी आहे, त्याला खान्देशी म्हणून हॉटेलच्या मेन्यूवर लिहितात तेव्हा माझं डोकं फिरतं. आमचं भरीत हिरवट पांढरं दिसलं पाहिजे आणि बरोबर कळण्याची भाकरी किंवा कळण्याची पुरी, म्हणजे ज्वारी आणि उडदाच्या पिठाची. सोबत कच्चा कांदा, मुळा, काकडी असं कायकाय.

फ्लॅटमध्ये कपाशीच्या काड्या कुठून आणणार, तर गॅसवर भाजा, पण वांग्याला दोनचार ठिकाणी सुरीचं टोक खुपसा नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं आणि ओटा पुसत बसावं लागतं. त्या चिरांमध्येच लसणाच्या पाकळ्या आणि एखादी मिरची खोचली तर वांग्याबरोबर त्याही भाजल्या जातात. मोठी आच, आणि देठाकडचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो तिथं थांबा, देठाजवळ सुरी लोण्यात जावी तशी गेली की उतरवा. झाकून पाच-दहा मिनिटं ठेवलं की साल आपोआप सुटते. नळाखाली धरून सोलू नका प्लीज, सगळा धूर गटारात जातो, हात ओला करून सोला, दोनचार काळे कण राहिले तर राहू देत. एअर फ्रायरचं विचारणाऱ्यांना एकच सांगते, गर छान शिजतो, भाजल्याचा वास येत नाही. म्हणजे वांगं उकडून मिळेल, भरीत नाही. फारच नाइलाज असेल तर नंतर निखारा ठेवून वर तेलाचा थेंब टाकून धुरी द्या, तेवढं तरी.

बरं, भरतात आंबट नसतं म्हणून तिथं प्रश्न येत नाही. आंबटाचा खेळ सुरू होतो तो भरल्या वांग्यात.

मिरजेला लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिली शिकवलेली भाजी हीच. त्यांचा मसाला सांगते, अर्धा किलो लहान वांग्यांना, म्हणजे साधारण १० ते १२ येतात, एक मोठा कांदा चिरून तेलावर लालसर परतायचा, अर्धी वाटी भाजलेल्या दाण्याचं कूट, पाव वाटी भाजलेलं किसलेलं सुकं खोबरं, दोन चमचे भाजलेले तीळ, सातआठ लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, कोथिंबीर, हे सगळं जाडसर वाटायचं, त्यात दोन चमचे कांदा-लसूण मसाला, हळद, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. पुण्याकडे ह्याच जागी गोडा मसाला पडतो आणि कांदा-लसूण कमी होतो किंवा नसतोच, गूळ मात्र वाढतो. माझं ह्यावर मत असं की दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाच कढईत दोन्ही मसाले घालून "मिक्स" करू नका, मग ती ना धड इकडची ना तिकडची.

आता चिंच ह्या यादीत मी सांगितली नाही ते मुद्दाम. बऱ्याच ठिकाणी सारणातच चिंचेचा कोळ कालवतात, आणि थोडासा असेल तर चालतोही. पण सासूबाई ठाम होत्या. "अगं चिंच एवढ्यात घालू नकोस, वांगं आडून बसेल." तेव्हा मला वाटलं जुन्या बायकांचं काहीतरी शास्त्र. पण खरंच शास्त्र आहे ते. भाजीच्या पेशींना चिकटवून धरणारं पेक्टिन नावाचं द्रव्य असतं, ते उष्णतेनं विरघळतं तेव्हा भाजी मऊ होते, आणि आंबट वातावरणात ते लवकर विरघळत नाही. म्हणून टोमॅटोत टाकलेला कच्चा बटाटा शिजता शिजत नाही, आणि म्हणून चिंचेच्या रश्श्यात कच्चं सोडलेलं वांगं तासभर रटरटलं तरी सालीखाली चिवट राहतं. बरं वरून दिसत नाही, वरून तर्री छान आलेली असते, पाहुण्यानं घास मोडला की कळतं.

तर सासूबाईंची रीत अशी. वांग्याला देठ ठेवून खालून दोन चिरा द्यायच्या, म्हणजे चार पाकळ्या होतात पण वांगं एकसंध राहतं, देठाचे काटे कात्रीनं कापायचे पण देठ टाकायचा नाही, तो चोखायला असतो. मसाला दाबून भरायचा, थोडा उरला पाहिजे. पसरट कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, मग वांगी एकेक करून अलगद ठेवायची, एकावर एक नाही, शेजारी शेजारी. वर ताट आणि ताटात पाणी. मंद गॅस. ताटातल्या पाण्यानं ताट गार राहतं, आतली वाफ त्याला लागून परत खाली पडते, म्हणजे भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते आणि खाली लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांत मधे एकदा उलटवायची, पाकळ्या न मोडता. देठाला चिमटीत दाबून बघायचं, दबला की वांगं झालं. आणि मग, तेव्हा, ताटातलंच गरम झालेलं पाणी, उरलेला मसाला आणि चिंचेचा कोळ घालून रस करायचा आणि पाचसात मिनिटं उकळू द्यायचा. गार पाणी ओतायचं नाही, रसाची चव पडते आणि तर्री जाते. भाकरी ज्वारीची.

कुकरमध्ये एक शिट्टी काढून होतात असं म्हणणाऱ्या मला माहितीयेत. होतात. लगदा होतो पण होतात.

हैदराबादला गेल्यावर मजा झाली. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक वयस्कर खाला राहायच्या, जुन्या शहरातल्या, त्यांच्याकडे बिर्याणी असली की बाजूला बघारे बैंगन असणारच. वाटणात काय तर भाजलेले शेंगदाणे, भाजलेले तीळ, भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, धणे, जिरे. मी म्हटलं अरे हे तर आमचंच! चिंच आहे, थोडा गूळही घालतात काही जण. फरक कुठं, तर वाटण अगदी गुळगुळीत, रस जास्त, आणि फोडणीत कढीपत्ता, मेथीदाणे, सुक्या मिरच्या. आणि वांगी आधी तेलात चांगली परतून, जवळजवळ शिजवून, बाहेर काढून ठेवायची. मग त्याच तेलात वाटण अर्धा तास मंद आचेवर परतायचं, कडेनं तेल सुटेपर्यंत, मग चिंच, आणि अगदी शेवटी वांगी परत आत. मी घाई करून वांगी आधीच सोडायला लागले तर त्या ओट्याशी येऊन म्हणाल्या, "नक्को जी, पहले बैंगन गलने दो, खट्टा बाद में." माझ्या सासूबाईंना आणि ह्यांना एकमेकींची भाषा कळली नसती, पण बोलत एकच होत्या.

तेव्हापासून मला नादच लागला, कुठल्याही वांग्याच्या रेसिपीत आंबट कधी पडतं ते बघायचा. काश्मिरी पंडितांकडे चोक वांगुन करतात, लांब जांभळी वांगी उभी चिरून सरसूच्या तेलात ब्राउन होईस्तोवर तळतात, मग काश्मिरी तिखट, बडीशेपेची पूड, सुंठ, हिंग ह्याचा पातळ रस करून त्यात चिंच आणि मग वांगी. कांदा नाही, लसूण नाही. अगदी दुसऱ्या टोकाला श्रीलंकेत वांबटु मोजु नावाचा प्रकार असतो, तिथं वांग्याचे तुकडे खमंग तळून घेतात आणि मग व्हिनेगर, वाटलेली मोहरी, साखर, छोटे कांदे, हिरव्या मिरच्या ह्यात मुरवतात, भातावर खातात आणि फ्रीजमध्ये चार दिवस मजेत राहतं. काश्मीर कुठं, श्रीलंका कुठं, तेल वेगळं, आंबट वेगळं, पण क्रम तोच. तमिळ लोकांचं एण्णै कत्तरिक्काय कुळंबु घ्या, छोटी वांगी आधी तिळाच्या तेलात परतून मग चिंचेच्या रश्श्यात. सोलापूर ओलांडून कर्नाटकात शिरलं की एण्णेगाई आणि ज्वारीची कडक रोट्टी, ते तर आपल्या भरल्या वांग्याचं सख्खं भावंडच, सोलापूरकर आणि विजापूरकर ह्यावर भांडू शकतात की आधी कुणाचं, मी खात बसेन.

वांग्याच्या जातीचं महत्त्व दक्षिणेतसुद्धा तेवढंच. उडुपीजवळच्या मट्टू गावचं हिरवं गोल वांगं, मट्टू गुळ्ळ, त्याला तर २०११ मध्येच जीआय मिळालंय आणि त्याची कथा सोळाव्या शतकातल्या वादिराज स्वामींपर्यंत नेतात, उडुपीच्या कृष्णमठात त्याचा मान आहे. तिकडच्या माणसाला दुसऱ्या वांग्याचं सांबार दिलं तर खातो बिचारा, पण तोंड बघण्यासारखं असतं. आणि गोव्यात आगशीची वांगी, मोठी, त्याचे काप करून मीठ-हळद-तिखट लावून रव्यात घोळवून तव्यावर, आहाहा. तिथं पुन्हा वांगंच हिरो, मसाला फक्त मदतीला.

तेलाबद्दल बोलल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही कारण सगळ्यांची तक्रार तीच, वांगं तेल पितं. पितंच. कच्च्या वांग्याचा गर आतून हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो, स्पंजच म्हणा, तेलात पडलं की त्या पोकळ्यांत तेल घुसतं. मग कढई कोरडी दिसते, आपण घाबरून आणखी तेल ओततो, तेही पितं. पण थोडं थांबलं तर शिजल्यावर त्या पोकळ्या कोसळतात आणि प्यायलेलं बरंच तेल वांगं परत ओकतं, आणि ती जी तर्री वर येते ती तीच. म्हणजे इथं खरा प्रश्न तेलाचा नाहीये, धीराचा आहे. कमीच तेलात करायचं असेल तर त्या पोकळ्या आधीच कोसळवा, फोडींना मीठ लावून अर्धा तास ठेवून पिळून घ्या किंवा चिरलेली वांगी पाच मिनिटं वाफवून घ्या किंवा मायक्रोवेव्हमध्ये मऊ करून घ्या, मग तेलात टाका, फरक डोळ्यांना दिसतो. मीठ कडूपणासाठी लावतात असं म्हणतात पण आपली कोवळी देशी वांगी कुठं कडू असतात, मीठ लावायचं ते ह्यासाठी. फक्त नंतर भाजीत मीठ घालताना हात आवरा. डाएटवाल्यांनी तेल अजिबातच न घालता वांगी करू नयेत, त्यापेक्षा दुधी खावा, तो निदान तक्रार करत नाही. आणि भजी तळून उरलेलं तेल भरल्या वांग्याच्या फोडणीत जिरवणाऱ्यांनो, वड्याचं तेल वांग्यावर ही म्हण आहे, रेसिपी नाही!

मांसाहारी लोकांसाठी एक, कारण घाटावरच्यांना हे माहिती नसतं. कोकणात आणि मुंबईच्या सीकेपी घरांत वांगी आणि सोडे करतात, सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. सोडे पाण्यात भिजवून स्वच्छ धुवायचे, कांदा तेलात परतायचा, आलं-लसूण, हळद, तिखट, मग सोडे परतायचे, मग वांग्याच्या आणि हवं तर बटाट्याच्या फोडी, झाकून शिजवायचं आणि आमसुलं सगळ्यात शेवटी. बघा, इथंही शेवटीच. वांगं सोड्यांची सगळी चव ओढून घेतं आणि खरं तर नंतर सोड्यांपेक्षा वांग्याच्या फोडीच आधी संपतात. एक मैत्रीण दादरची, तिच्या आईच्या हातची खाल्ली तेव्हा मी तांदळाच्या भाकरी मोजायच्या सोडून दिल्या.

कधी खायची ह्याचंही आपल्याकडे कॅलेंडर आहे. आषाढात कांदेनवमीला कांदा, लसूण, वांगं पोटभर खाऊन घ्यायचं कारण मग चातुर्मास, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवून मग परत सुरुवात. आता सगळी घरं पाळत नाहीत, आम्हीही अर्धवटच पाळतो, पण चंपाषष्ठीच्या सुमारास मंडईत जी वांगी येतात ती वर्षातली सगळ्यात देखणी असतात हे मात्र खरं. मग भोगीला मिक्स भाजीत वांगं असतंच, हरभरा, गाजर, वाल, तीळकूट आणि सोबत बाजरीची भाकरी लोणी लावून. त्यामुळे ज्यांना पहिल्यांदाच करून बघायचंय त्यांनी थंडीची वाट बघा, उन्हाळ्यात जून वांग्यांशी झटापट करून मग वांगं आवडत नाही असं ठरवू नका. मुलांचंही तेच. माझी धाकटी वांगं म्हटलं की नाक मुरडायची, तिला बंगाली बेगुन भाजा करून दिलं, जाड गोल चकत्या, हळद, मीठ, चिमूटभर साखर, सरसूच्या तेलात दोन्हीकडून तांबूस, वरणभाताबरोबर, गपचूप खाल्लं. सरसूचा वास सोसत नसेल तर आधी तेल धूर येईपर्यंत तापवून मग जरा आच कमी करायची, उग्रपणा जातो.

काही सुट्या गोष्टी राहिल्या. वांगी फ्रीजमध्ये आठवडाभर कोंबू नका, त्यांना थंडी सोसत नाही, साल खड्डे पडल्यासारखी होते आणि आतलं बी काळं पडतं, मग आपण भाजीवाल्याला शिव्या देतो. दोनतीन दिवस बाहेर टोपलीत नीट राहतात. मसाला कालवल्यावर चाखून बघा आणि तो जरा खारटच वाटला पाहिजे कारण वांगं स्वतः अळणी असतं. तीळ जास्त भाजले गेले तर टाकून द्या, सगळी भाजी कडवट होते आणि कितीही गूळ घाला लपत नाही. ग्रुपवर जी रील आली होती तीत तयार मखनी ग्रेव्हीत वांगी सोडलीयेत, वर क्रीम, करा बाई, पण त्याला भरली वांगी म्हणू नका.

आणि भरण्याचा मसाला करायचाच आहे तर दुप्पट करा. कांदा, आलं-लसूण आणि कोथिंबीर न घालता फक्त कूट, तीळ, खोबरं, मसाला, तिखट, मीठ असा कोरडा ठेवला तर डब्यात पंधरा दिवस सहज राहतो. एक दिवस दोडक्यात भरा, एक दिवस ढोबळी मिरचीत, आणि शेवटचे तीनचार चमचे उरले की वांग्याच्या फोडी तेलावर मऊ करून त्यात तांदूळ, मसाला, गरम पाणी घालून मस्त वांगीभात टाका, वरून ओलं खोबरं आणि लिंबू. लिंबू कधी पिळायचं ते आता सांगत नाही.